बेंबीचा पुरावा आणि दगडांची साक्ष : फिलिप गॉस यांच्या 'ऑम्फॅलॉस'चं वाचन



आजचा विषय आहे जीवाश्म, खडक आणि त्यांच्यावर लिहिलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक. भूशास्त्राच्या विषयात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. शंका रास्त आहे. खडकाचं नाव काय, त्याचं वय किती, हे भूशास्त्रज्ञानंच सांगावं. पण 'हा दगड अमुक गोष्टीचा पुरावा आहे' असं वाक्य कुणी उच्चारलं, की त्यात 'पुरावा' हा शब्द येतो आणि तिथं आमचं दुकान सुरू होतं.

साध्या कुतूहलापासून सुरुवात करू. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी गारगोट्या जमवल्यात, अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडल्यात. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग उडवल्यावर काळा दगड फुटतो आणि त्याच्या पोकळीत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक चमकतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत हे पुष्कळांनी पाहिलं असेल. त्यातले पुष्कळसे झिओलाइट वर्गातले. जगभरच्या संग्रहालयांत आपल्या दख्खनचे हे स्फटिक मानानं मांडलेले असतात. आता पोर काय विचारतं? "हे आत गेलं कसं?"

या प्रश्नात एक मोठी गोष्ट गृहीत आहे. समोरची वस्तू आज आहे, पण ती आजची नाही. तिच्या मागे काहीतरी घडलेलं आहे. आणि उत्तरही तसंच मिळतं. लाव्हा वाहत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग त्यांत ऊन पाणी झिरपलं, पाण्यात विरघळलेली द्रव्यं साचली, स्फटिक वाढले. पोकळी आधी, स्फटिक नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही. एका मुठीएवढ्या दगडात अलीकडचं आणि पलीकडचं असं दोन्ही आहे. कुतूहल आणि विज्ञान यांची वाट इथपर्यंत एकच असते.

आता समजा, कुणी म्हणालं : "दगड तसा दिसतो हे खरं. पण तो तसा दिसणाराच निर्माण झाला. पोकळी नव्हती, बुडबुडा नव्हता, पाणी झिरपलं नाही. खुणा खऱ्या, घटना मात्र घडल्याच नाहीत." तर तुम्ही काय उत्तर द्याल?

हे म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. तो त्या काळातला इंग्लंडमधला एक उत्तम निसर्गनिरीक्षक होता. म्हणूनच त्याचं पुस्तक आज वाचायचं.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म १८१० चा. तरुणपणी न्यूफाउंडलंड, अलाबामा, पुढे जमैका इथे राहून त्यांनी कीटक आणि पक्षी यांचा अभ्यास केला. नंतर ते इंग्लंडच्या डेव्हनच्या किनाऱ्यावर रमले. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत उरणारे समुद्रफुलांसारखे प्राणी, शिंपले, शेवाळ यांची वर्णनं आणि स्वतः काढलेली रंगीत चित्रं त्यांनी लोकांसमोर ठेवली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्यांचा हात होता. १८५४ मध्ये त्यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घराघरांत काचेच्या पेट्या दिसू लागल्या. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीनं त्यांना सदस्य करून घेतलं. म्हणजे सामान्य माणसाचं कुतूहल आणि विज्ञान या दोन्ही घरांत त्यांचा वावर होता. गंमत अशी की त्यांची पुस्तकं वाचून लोक एवढ्या झुंडीनं किनाऱ्यावर धावले, की तीच डबकी ओरबाडली गेली. ही हळहळ पुढे त्यांच्या मुलानं लिहून ठेवली आहे.

आणि हेच गॉस 'प्लिमथ ब्रदरेन' या कडव्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. बायबलमधला शब्द न् शब्द खरा. सहा दिवसांत सृष्टी. तिचं वय साधारण सहा हजार वर्षं. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात सृष्टीच्या निर्मितीचं साल ख्रिस्तपूर्व ४००४ असं काढलं होतं, त्याच हिशेबातलं. दुसरीकडे १८३० ते १८३३ या काळात चार्ल्स लायल यांनी भूशास्त्राची मूलतत्त्वं मांडली होती आणि खडकांचे थर अफाट काळाबद्दल बोलत होते. डार्विन यांचा ग्रंथ यायला अजून दोन वर्षं होती. १८५७ च्या फेब्रुवारीत गॉस यांची पत्नी एमिली स्तनाच्या कर्करोगानं गेली. मुलगा सात वर्षांचा. त्याच वर्षाच्या अखेरीकडे 'ऑम्फॅलॉस' प्रसिद्ध झालं. पत्नीचा मृत्यू हे पुस्तकाचं कारण होतं, असं आम्ही म्हणणार नाही; तो मोह टाळलेला बरा. पण ज्या माणसाची श्रद्धा आणि ज्याचे डोळे या दोघांत दुफळी पडली होती, त्याच्या त्या वर्षीच्या घराची कल्पना आपल्याला असावी.

'ऑम्फॅलॉस' हा ग्रीक शब्द. अर्थ, बेंबी. पुस्तकामागचा प्रश्न जुना आहे : आदमला बेंबी होती का? तो तर आईच्या पोटी जन्मला नाही. मग नाळ कुठली? पण बेंबीशिवाय तो पुरता माणूस कसा दिसणार? गॉस म्हणतात, होती. जिची गरज कधी पडलीच नाही, अशा नाळेची खूण त्याच्या अंगावर होती.

पुस्तकाची रचना कोर्टातल्या खटल्यासारखी आहे. आधी दावा, मग दीर्घ काळाच्या बाजूनं साक्षीदार, मग उलटतपासणी. आणि इथं पहिली दाद द्यायला हवी. विरुद्ध बाजूची साक्ष त्यांनी कापून-छाटून दिलेली नाही. थरांची जाडी, त्यांतले वेगवेगळे जीव, नष्ट झालेल्या जाती, हे सगळं त्यांनी इतकं नीट मांडलंय की तेवढीच प्रकरणं वाचली तर वाटावं, हा माणूस भूशास्त्रज्ञांचाच वकील आहे. प्रतिपक्षाला त्याच्या पूर्ण ताकदीनिशी उभं करणं याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. आजच्या किती वादांमध्ये हा पूर्वपक्ष दिसतो, तुम्हीच बघा.

मग ते दोन गृहीतकं सांगतात : पदार्थाची निर्मिती झाली आहे आणि सजीवांच्या जाती कायम राहतात. ज्याला ही मान्य नाहीत त्याच्याशी माझा वाद नाही, असंही सांगून टाकतात. त्यानंतर येतो त्यांचा नियम. सजीव सृष्टी चक्राकार चालते. कोंबडी आधी की अंडं आधी, हे आपण थट्टेत विचारतो. गॉस गंभीरपणे विचारतात. कुठंही बोट ठेवा, त्याआधी काहीतरी होतंच. मग निर्माता या चक्रात कुठंही शिरला, तरी ज्या टप्प्यावर शिरेल, त्या टप्प्याच्या अंगावर आधीच्या टप्प्यांच्या खुणा असणारच. झाड निर्माण केलं तर आत वलयं असणार. ताडाच्या, नेच्याच्या खोडावर गळलेल्या पानांचे वण असणार. शिंपल्यावर वाढीच्या रेषा असणार. बीज निर्माण केलं तरी सुटका नाही, कारण बीजाच्या अंगावरही तो ज्या झाडाचा असतो त्याची खूण असते.

पुस्तकातली सर्वांत वाचनीय पानं इथं आहेत. नुकत्याच निर्माण झालेल्या जगात ते वाचकाला फिरवून आणतात. एकेक वनस्पती, एकेक प्राणी दाखवत विचारतात, हिचं वय काय असेल? निरीक्षक म्हणून आपण वलयं मोजतो, वण मोजतो, झिजलेले दात बघतो आणि इतकी वर्षं म्हणून सांगतो. गॉस म्हणतात, चुकलात. हा जीव आत्ताच अस्तित्वात आला. हे एकदा-दोनदा नाही, शंभर पानांहून अधिक चालतं. वर्णनं सुंदर आहेत. पण थोड्या वेळानं वाचकाच्या मनात एक विचित्र भावना येते. ज्या डोळ्यांनी हे सगळं टिपलं, तेच डोळे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी रद्द केले जातायत.

ते कुठेच माघार घेत नाहीत. विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये दाखवलं होतं की लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर सापडणारे काही गोटे म्हणजे प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे; आत माशांची खवलं आणि हाडं स्पष्ट दिसतात. आता तरी हा माणूस थांबेल? नाही. नव्यानं निर्माण झालेल्या प्राण्याच्या आतड्यात अन्नाचा अंश असणारच, मग हेही त्याच न्यायानं, असं ते म्हणतात.

पुस्तक दोन्हीकडून आपटलं. विज्ञानवाद्यांनी हसून बाजूला ठेवलं आणि धार्मिक लोकांनाही रुचलं नाही. गॉस यांचे मित्र, कादंबरीकार आणि धर्मगुरू चार्ल्स किंग्जली यांनी कळवळून लिहिलं. मथितार्थ असा की हे मानलं तर देव माणसाला फसवणारा ठरतो. देकार्त वाचलेल्यांना हा मुद्दा ओळखीचा वाटेल. आम्हाला मात्र हा आक्षेप निर्णायक वाटत नाही. तो श्रद्धावंताला टोचतो, इतरांना नाही. शिवाय गॉस म्हणू शकतात, देवानं फसवलं नाही. पूर्ण वस्तू अशीच असते, तुम्हीच तिचा चुकीचा अर्थ लावलात.

दुसरा आक्षेप विसाव्या शतकातला. बर्ट्रंड रसेल यांनी १९२१ मध्ये 'द अ‍ॅनालिसिस ऑफ माइंड' या ग्रंथात एक कल्पना मांडली : सगळं जग पाच मिनिटांपूर्वी, आपल्या आठवणींसकट अस्तित्वात आलं असं कुणी म्हटलं, तर ते तर्कानं खोडता येत नाही. पुढे कार्ल पॉपर यांनी सांगितलं की जे कधीच खोटं ठरू शकत नाही, ते विज्ञान नव्हे. हे बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबलं तर पंचाईत होते. श्रोता म्हणतो, "म्हणजे खोडता येत नाहीच ना? मग तुमचं एक मत, त्यांचं एक मत." आणि दोन्ही पारडी सारखी होतात. ती सारखी नाहीत, हे दाखवायला आपल्याला थोडं मागे, न्यायदर्शनाकडे जावं लागेल.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातला एक 'शेषवत्' : कार्यावरून कारण ओळखणं. वात्स्यायनांचं उदाहरण आहे नदीच्या पुराचं. नदी फुगली, म्हणजे वर कुठंतरी पाऊस झाला. पाऊस आपण पाहिलेला नाही. जीवाश्मावरून जीव ओळखणं हे जातीनं असंच अनुमान आहे. आता सूत्रकार काय करतात? दुसऱ्या अध्यायात स्वतःच शंका उभी करतात : नदी तर बांध घातल्यानंही फुगते! मग पुरावरून पाऊस कसा ओळखायचा? गॉस यांची शंका हिचीच मोठी बहीण आहे. खूण तीच, कारण वेगळं असू शकतं.

उत्तर फार मोलाचं आहे. नुसतं फुगलेलं पाणी बघून कुणी शहाणा माणूस अनुमान करत नाही. पावसाच्या पाण्याला वेग असतो, फेस असतो. ते फळं, पानं, लाकडं वाहून आणतं. बांधानं तुंबलेल्या पाण्यात हे नसतं. थोडक्यात, पुरावा म्हणजे ढोबळ खूण नव्हे. पुरावा म्हणजे खुणेचा तपशील.

हा तपशील घेऊन गॉस यांच्याकडे परत या. त्यांचा नियम जास्तीत जास्त कशाला पुरतो? जे चक्रात *असायलाच हवं* त्याला. प्रौढ झाडाला वलयं हवीत, माणसाला बेंबी हवी. चला, वादापुरतं मान्य. पण खडकांत जे सापडतं, ते असं आवश्यक नसतं. ते प्रसंगानं घडलेलं असतं. एखादं हाड मोडून पुन्हा सांधलेलं. एखाद्या माशाच्या पोटात दुसरा मासा. गुजरातेत ढोली डुंगरीला सापडलेला एक नमुना बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी तो १९८० च्या दशकात खणून काढला. डायनोसॉरची अंडी आणि नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची हाडं, असं आधी वाटलं. पुढे २००१ मध्ये लक्षात आलं की त्यातले काही मणके सापाचे आहेत. २०१० मध्ये त्या सापाचं वर्णन 'सनाजे इंडिकस' या नावानं प्रसिद्ध झालं. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी पिल्लू. आणि वरून गाळ येऊन सगळे एकदम गाडले गेलेले. काळ, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा.

आता सांगा, कुठल्या चक्राच्या कुठल्या नियमानं हे वेटोळं *आवश्यक* होतं? झाड पूर्ण दिसण्यासाठी वलयं लागतात. पृथ्वी पूर्ण दिसण्यासाठी एका सापाची अर्धवट राहिलेली शिकार लागते काय? इथं गॉस यांचं तर्कशास्त्र तुटतं. ते सजीवाच्या चक्राकडून पृथ्वीच्या अख्ख्या इतिहासाकडे उडी मारतात आणि म्हणतात, पृथ्वीचाही एक योजनाबद्ध जीवनक्रम देवाच्या मनात असेल आणि त्यातल्या एका टप्प्यावर ती प्रकट झाली असेल. पण कोंबडीनंतर अंडं येतं, हे आपण रोज पाहतो. एका पृथ्वीनंतर दुसरी पृथ्वी कुणी पाहिली? ज्या व्याप्तीवर सगळा डोलारा उभा, ती व्याप्तीच इथं नाही. आमच्या मते पुस्तकाचं खरं अपयश हे आहे. हास्यास्पद असण्यात नव्हे, तर स्वतःचाच नियम जिथं लागू नाही तिथं लावण्यात.

दुसरं उत्तर उदयनाचार्यांचं. अनुमानावर सरसकट शंका घेणाऱ्याला ते सांगतात की शंकेला एक हद्द असते आणि ती हद्द म्हणजे व्याघात, शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी येणारा विरोध. धुरावरून विस्तव ओळखता येत नाही म्हणणारा माणूसही धूर हवा असला की चूलच पेटवतो. गॉस यांचं वागणं बघा. शिंपल्यावरच्या रेषा मोजून त्याचं वय सांगणारे तेच. मत्स्यालयात काल काय झालं, हे आज उरलेल्या खुणांवरून ओळखणारे तेच. आणि सर्वांत मोठा व्याघात त्यांच्या टेबलावरच होता. बायबल ही काय वस्तू आहे? कागदावर शाईच्या खुणा. त्या कुणीतरी कधीतरी लिहिल्या, नकलल्या, छापल्या, असं आपण मानतो ते खुणेवरूनच. खूण असूनही घटना नसू शकते, हा नियम खडकाला लावला तर ग्रंथाला का नाही? संदेष्टे झालेच नाहीत, फक्त त्यांची पुस्तकं शाईसकट प्रकट झाली, असं कुणी म्हटलं तर गॉस काय उत्तर देणार होते? ज्या फांदीवर बसायचं होतं, तीच त्यांनी कापली. श्रद्धा वाचवण्यासाठी त्यांनी सगळ्याच साक्षीचा बळी दिला.

आता कुणी म्हणेल, हे श्रद्धा आणि विज्ञान यांचं अटळ भांडण आहे. आम्हाला तसं वाटत नाही आणि त्यासाठी लांब जायला नको. गॉस लंडन-डेव्हनमध्ये हे लिहीत होते, त्याच दशकात नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी काम करत होते. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मानं तेही तितकेच निष्ठावान. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांत सापडलेल्या गाळातले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म जमवले, कामठीकडच्या वालुकाश्मातली पानांची ठसे असलेली फरशी तपासली आणि नोंदी करून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठवल्या. १८५५ मध्ये त्या छापूनही आल्या. त्यांनी काय केलं? थर कुठला, वर काय, खाली काय, हे लिहून ठेवलं. सतराव्या शतकात निकोलस स्टेनो यांनीही तेच केलं होतं. शार्कचं डोकं चिरून त्यांनी दाखवलं की लोक ज्यांना दगडी जिभा म्हणतात ते शार्कचेच दात आहेत. १६६९ मध्ये थरांच्या क्रमाचे नियम मांडले. आणि पुढे ते बिशप झाले.

आपल्या मुंबईचंही एक उदाहरण आहे. वरळीच्या टेकडीतल्या खडकात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं, म्हणजे 'ऑम्फॅलॉस'च्या दहा वर्षं आधी. आज त्या बेडकाला 'इंडोबॅट्राकस' म्हणतात. बेसॉल्टच्या मुलखात बेडूक कसा? तर लाव्हाच्या दोन लोटांच्या मध्ये पुरेसा काळ गेला. डबकी साचली, गाळ बसला, बेडूक नांदले. मग पुन्हा लाव्हा आला. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटात रस्त्याच्या कापलेल्या कडेला काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी तांबडा पट्टा दिसतो. तोही अशाच मधल्या काळाची खूण. पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून बघा.

आणि देवघरातला शाळिग्राम? नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या अनेक शाळिग्रामांतलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री जीवाच्या कवचाचा ठसा असतो. हिमालयात समुद्री जीव! भूशास्त्राला त्यातून टेथिस समुद्राची कथा वाचता येते, तर भाविकाला विष्णूचं चक्र दिसतं. इथं भांडण का होत नाही? कारण शाळिग्रामाला तुळस वाहणारा माणूस त्या दगडाच्या तारखेबद्दल काहीच दावा करत नाही. पूजा करणं आणि साल सांगणं या वेगळ्या क्रिया आहेत. गॉस यांची अडचण श्रद्धेतून आली नाही. श्रद्धेनं सालही सांगितलं पाहिजे, या हट्टातून आली. आपल्याकडेही जेव्हा पूजेच्या वस्तूवरून कुणी सनावळी सांगू लागतं, तेव्हा हेच दुखणं सुरू होतं.

आता शेवटचा मुद्दा. गॉस स्वतःच सांगतात की आपलं म्हणणं मान्य केल्यानं भूशास्त्राचं काम अडत नाही. थर मोजा, जीवाश्म शोधा, फक्त तो इतिहास प्रत्यक्ष घडला असं म्हणू नका. त्यांना वाटलं ही तडजोड आहे. आम्हाला वाटतं, हीच पुस्तकाची कबुली आहे. जे मानल्यानं उद्या सकाळी कुठं खणायचं, काय शोधायचं, कशावर विश्वास ठेवायचा यात तसूभर फरक पडत नाही, ते मत नसतं, ते फक्त एक कवच असतं. त्याच्या आत माणूस सुरक्षित राहतो आणि हळूहळू त्याला बाहेरचं दिसेनासं होतं.

गॉस यांचं पुस्तक कुणी वाचत नाही, पण त्यांची युक्ती जोरात आहे. तुम्ही कागद दाखवा, "तो मुद्दाम तसा बनवलाय." छायाचित्र दाखवा, "ते तसं दिसावं म्हणूनच." पुरावा नसला तर "लपवला", आणि असला तर "पेरला". कुठलाही पुरावा आला तरी आधीच तयार असलेलं उत्तर. दिसायला हा संशयवाद वाटतो. खरं म्हणजे ही संशयाची सुट्टी आहे. अशा माणसाशी बोलताना त्याचं म्हणणं अशक्य आहे हे सिद्ध करत बसू नका, ते होणार नाही. त्याला तपशील विचारा. फेस कुठाय, पानं कुठायत, लाकडं कुठायत? आणि हाच नियम तो स्वतःच्या आवडत्या पुराव्याला लावतो का, तेही विचारा.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी. गॉस यांच्या मुलानं, एडमंड गॉस यांनी, १९०७ मध्ये 'फादर अँड सन' हे पुस्तक लिहिलं. इंग्रजी आत्मचरित्रांत त्याचं स्थान मोठं आहे आणि 'ऑम्फॅलॉस'ची आजची प्रतिमा बरीचशी त्यातूनच आलीय. जरूर वाचा. पण त्यातला वडिलांचा कठोर चेहरा जसाच्या तसा घेऊ नका. २००२ मध्ये अ‍ॅन थ्वेट यांनी फिलिप गॉस यांचं चरित्र लिहिलं. पत्रं, दैनंदिन्या, जुने कागद तपासून त्यांनी दाखवलं की मुलाच्या आठवणी पुष्कळ ठिकाणी विश्वासार्ह नाहीत आणि हा बाप वर्णनात दिसतो त्यापेक्षा खूप मायाळू, हसरा होता. हे कसं कळलं? एका खुणेशेजारी दुसरी खूण ठेवून, वरचा थर आणि खालचा थर ताडून. ज्या पद्धतीवर गॉस यांनी अविश्वास दाखवला, त्याच पद्धतीनं दीडशे वर्षांनी त्यांना न्याय दिला.

एवढं बोलून थांबतो.